फुप्फुसातली गुठळी: संशयापासून सीटीच्या पडद्यापर्यंत

श्वास लागलेला, छातीत दुखणारा पेशंट समोर आला की आपल्या डोक्यात काही नावं आपोआप येतात. हार्ट अटॅक, दमा, न्यूमोनिया. पावसाळ्यात लेप्टो आणि डेंगी. थुंकीत रक्त असेल तर टीबी. फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी, म्हणजे पल्मनरी एम्बोलिझम, या यादीत शेवटी येते, कधी कधी येतच नाही. मोठ्या इस्पितळात याच्या नेमकं उलट घडतं. छातीत दुखतंय ना, मग डी-डायमर (गुठळी विरघळताना सुटणाऱ्या तुकड्याची रक्ततपासणी) पाठवा. तो वाढलाय ना, मग सीटी करा. सीटीत कुठे बारीकशी शंका आहे ना, मग रक्त पातळ करायची औषधं सुरू करा. पहिल्या प्रकारात पेशंट दगावू शकतो. दुसऱ्या प्रकारात गुठळी नसलेल्या माणसाला महिनोन्महिने रक्तस्रावाचा धोका घेऊन जगावं लागतं.

दोन्हीकडे एकच गोष्ट राहून गेलेली असते. तपासणी मागवण्याआधी या माणसाला गुठळी असण्याची शक्यता किती, हे कुणी ठरवून कागदावर लिहिलेलं नसतं. डी-डायमर असो की सीटी, त्याचा रिपोर्ट त्या आधीच्या शक्यतेला धरूनच वाचायचा असतो. गोव्यातली आरोग्य केंद्रं, जिल्हा इस्पितळं आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) इथे काम करणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी हा क्रम सविस्तर मांडतो आहे. घरचं माणूस दाखल असलेल्या वाचकालाही तो समजावा अशी भाषा ठेवली आहे, पण यावरून घरी निदान करू नये. अचानक दम लागला तर १०८ ला फोन करणं हेच पहिलं काम.

आधी बीपी

पेशंट स्थिर आहे की नाही, इथेच दोन रस्ते वेगळे होतात. वरचं बीपी ९० च्या खाली आहे, किंवा नेहमीपेक्षा ४० ने उतरून १५ मिनिटांहून जास्त वेळ तसंच राहिलं आहे, आणि त्याला अनियमित ठोके, रक्तस्राव, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा सेप्सिस असं दुसरं कारण दिसत नाही, तर तो पेशंट अस्थिर धरायचा. अशा माणसाचा वेल्स स्कोअर (गुठळीची शक्यता मोजणारे गुण, ते पुढे येतात) काढत बसू नये आणि डी-डायमरही पाठवू नये. हे दोन्ही स्थिर पेशंटसाठी आहेत.

अस्थिर पेशंटच्या खाटेजवळ इको आणायचा. हृदयाचा उजवा कप्पा फुगलेला, डावा दबलेला, दोहोंमधला पडदा डावीकडे ढकललेला आणि खालची महाशीर तट्ट भरलेली दिसली, तर संशय पक्का होत जातो. लगेच सीटी होण्यासारखा असेल तर करावा. पेशंट हलवण्याच्या अवस्थेत नसेल आणि इकोत उजव्या बाजूवर ताण स्पष्ट असेल, तर गुठळी विरघळवण्याच्या उपचाराचा निर्णय तिथेच वरिष्ठांशी बोलून घ्यावा लागतो. सलाईन धडाधड चढवू नये. आधीच फुगलेला उजवा कप्पा त्याने आणखी फुगतो आणि बीपी आणखी उतरतं.

यापुढचं सगळं स्थिर पेशंटबद्दल आहे, आणि बहुतेक पेशंट स्थिरच असतात.

विचारायचं काय, आणि कसं

गुठळी बहुतेक वेळा पायाच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरेत तयार होते, सुटते आणि हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात जाऊन अडकते. रक्त साचणं, शिरेला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं ही तीन कारणं एकोणिसाव्या शतकातल्या रुडॉल्फ विर्चो या जर्मन डॉक्टरांच्या नावाने आपण आजही शिकतो. हिस्टरी घेताना याच तिन्हींचा माग काढायचा असतो.

तक्रारींमध्ये अचानक सुरू झालेला दम सगळ्यांत महत्त्वाचा. दीर्घ श्वास घेताना टोचल्यासारखी छातीत कळ येणं, थुंकीत रक्त पडणं, आणि कारण न सापडलेली चक्कर किंवा शुद्ध हरपणं या बाकीच्या. चक्कर येऊन पडलेल्या वयस्क माणसाला 'अशक्तपणा' म्हणून घरी पाठवण्याआधी त्याचे दोन्ही पाय उघडे करून पाहावेत. पॅन्ट किंवा साडी वर न करता पाय तपासता येत नाहीत.

मग विचारायचं: गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन झालंय का, हाड मोडलंय का, पाय प्लास्टरमध्ये आहे का, सलग तीन दिवस अंथरुणाला खिळून होता का, कॅन्सरचा उपचार चालू आहे का, आधी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, गेल्या सहा आठवड्यांत बाळंतपण झालंय का.

गोळ्यांचा प्रश्न मात्र सावकाश विचारावा लागतो. "कसल्या गोळ्या घेता?" म्हटलं की उत्तर येतं बीपीची, शुगरची, थायरॉइडची. चतुर्थी तोंडावर आली की आपल्याकडे कितीतरी बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, आणि त्या कुणाच्याच लेखी औषधात मोडत नाहीत. त्यातलं नॉरएथिस्टेरॉन मोठ्या डोसमध्ये घेतलं की त्याचा काही भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडायॉलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतलंच इस्ट्रोजेन पोटात गेल्यासारखं होतं. गोळ्या घरातल्याच कुणीतरी आणून दिलेल्या असतात, प्रिस्क्रिप्शन नसतं. म्हणून नाव घेऊनच विचारावं: "पाळी लांबवायला काही घेतलं होतं का?" शक्य झालं तर सोबतच्या नातेवाइकांना बाहेर थांबवून विचारावं. गर्भनिरोधक गोळ्यांचं उत्तरही तेव्हाच खरं मिळतं. भाद्रपदात कॅज्युअल्टीत बसणाऱ्याने हा प्रश्न कधीच सोडू नये.

दुसरी आपली खास गोष्ट लांबच्या विमानप्रवासाची. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, करार संपवून दाबोळीला किंवा मोपाला उतरतो, विलायतेत असलेली मुलं आईवडिलांना नेतात-आणतात. चार तासांहून लांब प्रवासाने धोका वाढतो हे खरं, पण एकेका प्रवाशाच्या दृष्टीने तो लहानच असतो. पुढे येणाऱ्या वेल्स स्कोअरमध्ये प्रवासाला एकही गुण नाही, हे लक्षात ठेवावं. प्रवासाची नोंद जरूर करा, पण केवळ तेवढ्यावर सीटी मागू नका.

ईसीजी आणि एक्स-रे

दोन्ही काढायचेच, पण गुठळी सापडावी म्हणून नव्हे. ईसीजीत सर्वाधिक वेळा दिसते ती फक्त वाढलेली गती. पुस्तकातला एस-वन-क्यू-थ्री-टी-थ्री हा नमुना दिसला तर संशय वाढतो, नाही दिसला म्हणून कमी होत नाही. व्ही-वन ते व्ही-फोर या लीडमध्ये टी-वेव्ह उलटी झालेली असेल, आणि त्याबरोबर लीड थ्रीमध्येही, तर हार्ट अटॅकच्या जोडीला गुठळीचाही विचार झाला पाहिजे. स्टेमी, म्हणजे ईसीजीत स्पष्ट दिसणारा मोठा हार्ट अटॅक, ओळखण्यासाठीच्या स्टेमी गोवा प्रकल्पामुळे आरोग्य केंद्रातला ईसीजी आता पटकन वाचून मिळतो, ही मोठी सोय आहे. मात्र 'स्टेमी नाही' या उत्तरावर काम संपत नाही. दम लागलेल्या पेशंटच्या बाबतीत तिथून पुढचा विचार सुरू होतो.

एक्स-रे पुष्कळदा जवळजवळ साफ असतो. ऑक्सिजन ९० पर्यंत उतरलेला, छाती ऐकायला साफ आणि एक्स-रेही साफ, ही जुळणीच एक खूण आहे. एक्स-रेचा खरा उपयोग न्यूमोनिया, छातीतलं पाणी आणि न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती साचलेली हवा) ओळखायला होतो. उलट, ऑक्सिजन ९८ असला म्हणून गुठळी नाही असंही म्हणता येत नाही.

वेल्स स्कोअर: प्रामाणिकपणे भरायचा कागद

कॅनडातले फिलिप वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा स्कोअर मांडला. त्यात सातच गोष्टी आहेत:

- पायात खोल शिरेच्या गुठळीची लक्षणं (सूज आणि शिरेच्या मार्गावर दाबल्यावर दुखणं): ३
- गुठळीपेक्षा दुसरं कोणतंही निदान अधिक पटत नाही: ३
- नाडी मिनिटाला १०० च्या वर: १.५
- तीन दिवस किंवा जास्त अंथरुणाला खिळून असणं, किंवा चार आठवड्यांत ऑपरेशन: १.५
- आधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असणं: १.५
- थुंकीत रक्त: १
- कॅन्सर, ज्याचा उपचार चालू आहे किंवा सहा महिन्यांत झाला आहे, किंवा जो बरा होण्यापलीकडे गेला आहे: १

बेरीज ४ किंवा कमी असेल तर 'गुठळी असण्याची शक्यता कमी', ४ च्या वर गेली तर 'शक्यता जास्त'. कमी, मध्यम, जास्त अशी तीन गटांची पद्धतही आहे. कामाच्या घाईत दोन गटांची पुरते, आणि तीच वापरावी असं माझं मत आहे.

पायाची सूज डोळ्यांनी ठरवू नका. टेप घ्या. गुडघ्याखालचा हाडाचा उंचवटा बोटाने शोधा, तिथून १० सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा, दोन्ही पोटऱ्यांचा घेर त्याच पातळीवर मोजा. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर ती सूज महत्त्वाची. दोन्ही पाय सारखे सुजलेले असतील तर आधी हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्याकडे बघा.

नाडी पहिली नोंदलेली धरा. पेशंट नाडी मंदावणाऱ्या मेटोप्रोलॉलवर असेल तर ८८ ची नाडी फसवी असू शकते. स्कोअर ते सांगत नाही, आपल्यालाच ते ओळखावं लागतं.

सगळा वाद दुसऱ्या मुद्द्यावरच्या तीन गुणांचा आहे. तो व्यक्तिसापेक्ष आहे अशी टीका होते आणि ती बरोबरच आहे. पण तो काढून टाकण्यापेक्षा शिस्तीने वापरावा. मी निवासी डॉक्टरांना सांगतो की केसपेपरवर गुठळीखेरीज दुसरं निदान लिहा आणि त्याच्या समोर पुरावा लिहा. ताप, पिवळी थुंकी, उजव्या खालच्या भागात खरखर आणि एक्स-रेत त्याच जागी पांढरा पट्टा: इथे न्यूमोनिया अधिक पटतो, तीन गुण द्यायचे नाहीत. 'ॲसिडिटी', 'टेन्शन', 'वातामुळे छाती भरली' असं लिहून समोर पुरावा काहीच सुचत नसेल, तर ते निदान नव्हे. तीन गुण देऊन टाका.

तीन नमुने बघा. तारवटी, वय ४६, डावी पोटरी साडेतीन सेंटिमीटरने जास्त आणि दाबल्यावर दुखते, नाडी १०४, छाती साफ: ३ अधिक ३ अधिक १.५, म्हणजे ७.५. शक्यता जास्त. सत्तरी तालुक्यातल्या एक आजी, वय ७२, दोन दिवस थोडा दम, नाडी ९२, पायांत काही नाही, जुना दमा आणि आत्ता छातीत शिट्ट्या: शून्य. पाळी लांबवायच्या गोळ्या घेतलेली २८ वर्षांची बाई, श्वास घेताना कळ, नाडी ८४, ऑक्सिजन ९८, पाय साफ, बरगडीवर दाबलं की नेमकं तिथेच दुखतं: हीही शून्य. या तिघांची पुढची वाट वेगळी आहे.

जिनिव्हा स्कोअर हा दुसरा पर्याय. त्यात डॉक्टरच्या अंदाजाला गुण नाहीत, सगळं मोजण्यासारखं आहे. तुमच्या युनिटमध्ये तो रुळला असेल तर तोच वापरा, मात्र एका पेशंटवर दोन स्कोअर लावून सोयीचा निवडू नका.

डी-डायमरही नको, असं कधी म्हणता येतं

तुमच्या अंदाजानेच शक्यता अगदी कमी असेल तर 'पर्क'चे आठ प्रश्न विचारा. वय ५० च्या आत, नाडी १०० च्या आत, ऑक्सिजन ९५ किंवा जास्त, थुंकीत रक्त नाही, इस्ट्रोजेनची गोळी नाही, पूर्वी गुठळी नाही, एका पायाला सूज नाही, चार आठवड्यांत दाखल व्हावं लागेल असं ऑपरेशन किंवा इजा नाही. आठही उत्तरं अनुकूल असतील तर तिथेच थांबता येतं. नाडी, ऑक्सिमीटर आणि चार प्रश्न यांवर हे होतं, म्हणून वाळपई-काणकोणसारख्या ठिकाणी याची किंमत मोठी आहे.

पण क्रम उलटा करू नका. आधी अंदाज कमी, मग पर्क. संशय मध्यम असताना पर्क लावून पेशंट घरी पाठवणं धोक्याचं आहे. वरच्या २८ वर्षांच्या बाईच्या बाबतीत मी गोळ्यांचा मुद्दा प्रतिकूल धरेन, म्हणजे पर्क लागू नाही, डी-डायमर पाठवायचा. आजींचं वयच ५० च्या पुढे, त्यांचाही डी-डायमर.

डी-डायमर: एकक न वाचता निष्कर्ष काढू नका

गुठळीतलं फायब्रिन विरघळताना सुटणारा हा तुकडा. शक्यता कमी असलेल्या पेशंटमध्ये तो कमी आला तर गुठळी नाही असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. वाढला तर मात्र फारसं काही कळत नाही. वय, गर्भारपण, कॅन्सर, ऑपरेशन, कोणताही मोठा जंतुसंसर्ग, या सगळ्यांत तो वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये लेप्टो आणि डेंगीच्या वॉर्डात डी-डायमर पाठवला तर बहुतेकांचा वाढलेलाच येईल. शक्यता जास्त असलेल्या पेशंटमध्ये तर तो पाठवूच नये. आपल्या तारवट्याचा डी-डायमर कमी आला तरी सीटी टळणार नाही, मग रक्त काढून वेळ कशाला घालवायचा?

आता एकक. काही लॅब एफईयूमध्ये (फायब्रिनोजेनच्या मापात) रिपोर्ट देतात, काही डीडीयूमध्ये (डी-डायमरच्याच मापात). एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. म्हणजे ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एफईयू हीच मर्यादा डीडीयूमध्ये सुमारे २५० होते, आणि मायक्रोग्रॅममध्ये लिहिली तर ०.५. डीडीयूत ४२० आलेला रिपोर्ट '५०० च्या आत' म्हणून नॉर्मल धरला, तर प्रत्यक्षात वाढलेला डी-डायमर हातातून निसटतो. रिपोर्टच्या उजव्या कडेला बारीक अक्षरात एकक असतं. तिथे नसेल तर लॅबला फोन करा. म्हापशाच्या लॅबमधला आकडा आणि मडगावच्या लॅबमधला आकडा शेजारी ठेवून वाढला की उतरला असं ठरवू नका.

वयाचा हिशोबही लावायचा. ५० च्या पुढे मर्यादा वयाच्या दहापट, एफईयूमध्ये. २०१४ सालच्या अभ्यासानंतर ही पद्धत सर्वमान्य झाली. आजींचं वय ७२, म्हणजे मर्यादा ७२०. त्यांचा आकडा ६४० आला तर सीटी नको, दम्याचा उपचार करा. लॅबने रिपोर्टवर ठळक अक्षरात 'वाढलेला' छापलेलं असेल, तरीही.

'इयर्स' पद्धत आणखी सोपी आहे. तीन प्रश्न: पायात गुठळीची लक्षणं आहेत का, थुंकीत रक्त आहे का, गुठळी हेच सर्वांत संभाव्य निदान आहे का. तिन्ही 'नाही' असतील तर मर्यादा १००० एफईयू, एक जरी 'हो' असेल तर ५००. यामुळे बरेच सीटी वाचतात. कोणती पद्धत वापरायची हे युनिटने एकदा ठरवून भिंतीवर लावावं.

रेफर करताना

शक्यता जास्त ठरली आणि तुमच्याकडे सीटी नाही, तर वाट बघण्यात वेळ घालवू नका. रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल तर सीटीची वाट न बघता हेपरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं इंजेक्शन, सुरू करायचं असतं. नेहमीचं एनोक्झापॅरिन असेल तर किलोमागे १ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, मूत्रपिंडं ठीक असल्याची खात्री करून. तापाच्या दिवसांत आधी प्लेटलेट बघा. डेंगीतल्या खालावलेल्या प्लेटलेटवर हे इंजेक्शन देणं महागात पडेल.

चिठ्ठीवर 'दम, पुढील उपचारासाठी' एवढंच लिहू नका. वेल्स किती आणि कोणत्या मुद्द्यांचे गुण, पहिली नाडी आणि बीपी, ऑक्सिजन हवेवर की मास्कवर, डी-डायमर केला असेल तर एककासह, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी), गर्भधारणेची शक्यता, आणि हेपरिन दिलं असेल तर डोस आणि वेळ. शिवाय पेशंटचं वजन. एवढं लिहिलं की बांबोळीचा कॅज्युअल्टीतला डॉक्टर पुन्हा शून्यापासून सुरुवात करत नाही.

सीटी: तयारीच निम्मं काम

फुप्फुसाच्या धमन्यांचा सीटी, सगळे ज्याला सीटीपीए म्हणतात, तो साध्या छातीच्या सीटीपेक्षा वेगळा. फॉर्मवर 'सीटी चेस्ट' लिहिलं तर कॉन्ट्रास्ट (नळ्या पांढऱ्या दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध) वेगळ्या वेळी जातो आणि धमन्या नीट भरत नाहीत. 'सीटीपीए, पल्मनरी एम्बोलिझमची शंका, वेल्स अमुक' असं स्पष्ट लिहा.

कोपराच्या खोबणीत १८ किंवा २० नंबरची सुई हवी. हाताच्या पंजावरची बारीक निळी सुई चालत नाही, कारण कॉन्ट्रास्ट सेकंदाला चार-पाच मिलिलिटर या वेगाने जातो. वॉर्डातूनच योग्य सुई लावून पाठवलं तर सीटीच्या दारात होणारा खोळंबा टळतो.

"सुंगटां (कोळंबी) खाल्ली की अंगावर पित्त उठतं, मग कॉन्ट्रास्ट चालेल का?" हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. चालतो. सुंगटांची ॲलर्जी त्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नाही. मासळीच्या ॲलर्जीसाठी सीटी रद्द करू नये. याआधी कॉन्ट्रास्टचीच जोराची रिॲक्शन आली असेल तर मात्र थांबा आणि रेडिओलॉजिस्टशी बोला. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर धोका आणि गरज तोला. जीव धोक्यात असलेल्या पेशंटचा सीटी त्या रिपोर्टसाठी अडवून ठेवू नये.

श्वासाची सूचना टेबलावर आडवं करायच्या आधी एकदा सराव करून द्या. "जोरात श्वास घ्या, रोखून धरा" असं सांगितलं की खालच्या महाशिरेतून कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त एकदम हृदयात शिरतं, धमनीतला पांढरा रंग मधेच फिका पडतो आणि त्या फिक्या पट्ट्याला गुठळी समजण्याचा मोह होतो. "सादो उस्वास घेयात आनी रावात" (साधा श्वास घ्या आणि थांबा) एवढं पुरे.

पडद्यावर बघताना

आधी दर्जा तपासा. मुख्य धमनीत गोल काढून घनता मोजा. ती दोनशे-अडीचशे हाउन्सफील्डच्या (सीटीतल्या घनतेचं एकक) वर असली पाहिजे. खाली असेल तर 'गुठळी नाही' हे वाक्य लिहिण्याचा अधिकार त्या सीटीला नाही.

मग विंडो, म्हणजे पडद्यावरची उजेड-काळोखाची मांडणी, बदला. नेहमीच्या मेडियास्टायनल विंडोमध्ये कॉन्ट्रास्ट इतका पांढराशुभ्र दिसतो की आतली बारीक गुठळी झाकली जाते. रुंदी सुमारे ७००, पातळी १०० ठेवली की पांढऱ्यातला करडा रंग उठून दिसतो. मुख्य धमनीपासून सुरुवात करा, उजवी, मग डावी, आणि पुढे एकेक लोब धरून शेवटपर्यंत माऊसचं चाक फिरवत जा. सगळं एकदम बघायला गेलात की खालच्या लोबच्या मागच्या फांद्या राहून जातात.

ताजी गुठळी नळीच्या मधोमध करडी दिसते आणि भोवती कॉन्ट्रास्टची पांढरी कडी राहते. आडव्या छेदात त्या चित्राला 'पोलो मिंट' म्हणतात. कडेला चिकटलेली असेल तर भिंतीशी अरुंद, टोकदार कोन करते. नळी पूर्ण बंद असेल तर ती शेजारच्या नळ्यांपेक्षा थोडी फुगलेली असते. जुनी गुठळी याच्या उलट वागते: भिंतीशी पसरट कोन, नळी आकसलेली, आत जाळी किंवा पट्टे, कधी कॅल्शियम. दोन्हींतला फरक लिहिलाच पाहिजे, कारण पुढचा उपचार बदलतो.

फसवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. फुप्फुसाची शीर धमनी समजून वाचली जाते. धमनी श्वासनलिकेच्या शेजारून चालते, शीर डाव्या कर्णिकेकडे जाते. शंका आली की नळी धरून मागे जा, ती कुठे मिळते ते बघा. हायलममधली (फुप्फुसाच्या मुळाशी असलेली) लसिकाग्रंथी नळीच्या बाहेर असते. कफाने भरलेली श्वासनलिका लंग विंडोत कळते. श्वासाच्या हालचालीने नळी दुहेरी दिसते, तेही लंग विंडोत लगेच उघड होतं. वरच्या महाशिरेतल्या दाट कॉन्ट्रास्टचे पट्टे उजव्या वरच्या धमनीवर पडतात. गुठळी म्हणायचं तर ती सलग छेदांत दिसली पाहिजे आणि उभ्या छेदातही तिथेच असली पाहिजे.

शेवटी हृदय. उजव्या कप्प्याची रुंदी डाव्याइतकी किंवा त्याहून जास्त असेल, पडदा डावीकडे झुकला असेल, तर रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहा. वॉर्डातल्या डॉक्टरला गुठळी कुठे आहे यापेक्षा हे आधी कळायला हवं.

रिपोर्ट आणि संशय जुळत नाहीत तेव्हा

पायोपेड-टू या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सीटीची संवेदनशीलता (गुठळी असलेल्यांत ती सापडण्याचं प्रमाण) ८३ टक्के आणि विशिष्टता (गुठळी नसलेल्यांत सीटी साफ येण्याचं प्रमाण) ९६ टक्के आढळली. त्याहून महत्त्वाचं पुढचं: शक्यता जास्त असलेल्या पेशंटचा सीटी साफ आला, तर तो रिपोर्ट खरा ठरण्याचं प्रमाण ६० टक्केच होतं. आणि शक्यता कमी असताना सीटीत गुठळी दिसली, तर ती खरी असण्याचं प्रमाण ५८ टक्के. त्यानंतर मशिनं सुधारली, पण तत्त्व तेच राहिलं आहे.

म्हणून तारवट्याचा सीटी साफ आला तरी लगेच घरी पाठवू नका. पायांची सोनोग्राफी करा. आणि ज्याचा वेल्स शून्य आहे, त्याच्या सीटीत अगदी टोकाच्या फांदीत एकुलता एक ठिपका दिसला, तर दुसऱ्या अनुभवी रेडिओलॉजिस्टला दाखवल्याशिवाय औषध सुरू करू नका. तो दुजोरा मिळाला तरी पायांत गुठळी नाही, कॅन्सर नाही, ऑक्सिजन ठीक आहे, अशा पेशंटला औषध न देता बारकाईने लक्ष ठेवणं हाही एक मार्ग आहे. तो निर्णय पेशंटला विश्वासात घेऊन घ्यावा.

सीटी करता येत नाही तेव्हा

पायांच्या सोनोग्राफीला आपण कमी लेखतो. प्रोब जांघेत आडवा धरा, धमनी आणि शीर शेजारी शेजारी दिसतील, आणि हळूच दाबा. निरोगी शीर पूर्ण मिटते, दोन्ही भिंती एकमेकींना टेकतात. धमनी तशीच राहते. शीर मिटत नसेल तर आत गुठळी आहे. हेच गुडघ्याच्या मागे करा. दम लागलेल्या पेशंटच्या मांडीत किंवा गुडघ्यामागे गुठळी सापडली तर फुप्फुसातल्या गुठळीचं निदान धरून उपचार सुरू करता येतो. पाय साफ असले म्हणून फुप्फुस साफ, असा अर्थ मात्र होत नाही.

व्ही-क्यू स्कॅन, म्हणजे फुप्फुसातली हवा आणि रक्तपुरवठा दाखवणारा स्कॅन, कॉन्ट्रास्ट न चालणाऱ्यांसाठी. रक्तपुरवठ्याचा स्कॅन पूर्ण नॉर्मल आला तर गुठळी नाही. एक्स-रे आधीच खराब असेल तर त्याचा उपयोग कमी.

गर्भवतीबद्दल भीतीपोटी तपासणी टाळली जाते, आणि ते चुकीचं आहे. एका पायाला सूज असेल तर आधी पायांची सोनोग्राफी, ती पुरली तर किरणं लागतच नाहीत. नाही तर एक्स-रे, आणि तो साफ असेल तर कमी डोसचा परफ्यूजन (फक्त रक्तपुरवठ्याचा) स्कॅन किंवा सीटीपीए. दोन्हींत गर्भापर्यंत पोचणारी किरणं १ मिलिग्रेच्या आत असतात. इजेची भीती सुरू होते ती ५० च्या आसपास. हे आकडे नवऱ्याला आणि सासूला बसून समजावले की संमतीला अडचण येत नाही.

निदान झालं, आता जोखीम

त्याच बैठकीत साधा पेसी स्कोअर काढा: वय ८० च्या वर, कॅन्सर, हृदय-फुप्फुसाचा जुना आजार, नाडी ११० किंवा जास्त, वरचं बीपी १०० च्या खाली, ऑक्सिजन ९० च्या खाली. एकही नसेल तर तीस दिवसांतला मृत्यूचा धोका सुमारे एक टक्का, एक जरी असेल तर सुमारे अकरा टक्के. त्याला इको आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला झालेली इजा दाखवणारी रक्ततपासणी) जोड द्या. उजव्या कप्प्यावर ताण आणि ट्रोपोनिन वाढलेलं, अशा पेशंटला बीपी चांगलं असलं तरी साध्या वॉर्डात ठेवू नका. पहिले दोन-तीन दिवस त्याच्यावर सतत नजर हवी.

औषधं किमान तीन महिने चालतात. त्यानंतर येणाऱ्या पेशंटला "बरं आहे ना?" एवढंच विचारू नका. गुठळी होण्याआधी किती जिने चढत होता, बाजारातून पिशवी घेऊन किती चालत होता आणि आता किती, हे विचारा. दम अजून लागत असेल तर इको करा, आणि दाब वाढलेला असेल तर व्ही-क्यू स्कॅन. न विरघळलेल्या जुन्या गुठळ्यांनी फुप्फुसातला दाब वाढण्याचा आजार याच तपासणीत सापडतो, आणि योग्य पेशंटमध्ये तो ऑपरेशनने बरा होऊ शकतो. त्यासाठी सीटी साफ आहे म्हणून थांबू नका. या आजारात व्ही-क्यू स्कॅन सीटीपेक्षा जास्त विश्वासाचा आहे.